भाड्याच्या गाडीत लेकराची सीट : घेण्याआधी काय बघायचं

आपल्याकडे खेड्यात घरची कार असलेले लोक थोडे, बाकीच्यांचं काम गाडी ठरवून चालतं, लग्नाला जायचं, शेगावला दर्शनाला जायचं, लेकराला नागपूरला नाहीतर सेवाग्रामला दवाखान्यात न्यायचं, लेकीला बाळंतपणाला आणायचं, आज इर्टिगा मिळते, उद्या बोलेरो, परवा ईको. मग लेकरासाठी कार सीट घ्या म्हटलं की माणूस विचारतो, बसवू कुठं, गाडीच आपली नाही. तेव्हा उचलून नेता येईल अशी, म्हणजे पोर्टेबल सीट शोधायला लागतात, आणि मोबाईलवर शोधलं की काहीशे रुपयाच्या कापडी पट्ट्यापासून हजारो रुपयाच्या सीटपर्यंत सगळं एकाच नावाखाली समोर येतं. त्यातल्या काही वस्तू खरंच जीव वाचवतात, काही अजिबात वाचवत नाहीत, आणि नुसता फोटो बघून फरक कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधी पक्की करा, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. लेकराला धरते सीट, आणि सीटला धरतो गाडीचा पट्टा. त्यामुळं पोर्टेबल सीट घेताना दोनच प्रश्न महत्त्वाचे, गाडीच्या मागच्या सीटला खांद्यावरून आणि कमरेवरून येणारा पूर्ण पट्टा आहे का, आणि आपल्या लेकराचं आजचं वजन आणि उंची किती. रंग, गादी, कप ठेवायची जागा, हे सगळं त्याच्या नंतर.

आता मांडीचं बघू. "मी घेऊन बसतो ना मांडीवर, लेकराले पट्ट्यानं काहून बांधता," हे घरोघरी ऐकू येतं, आजी म्हणते, मावशी म्हणते, आणि ते मायेनंच म्हणतात, म्हणून चिडायचं नाही, फक्त हिशोब सांगायचा. गाडी ५० च्या स्पीडला आहे, रोही आडवा आला, ड्रायव्हरनं गाडी वळवली आणि ती रस्त्याच्या कडेच्या निंबाला ठोकली. गाडी थांबली पण आतलं माणूस ५० च्याच स्पीडनं पुढं जात राहतं. हा दणका तीस-बत्तीस फूट कोरड्या विहिरीत पडण्याएवढा असतो, आणि स्पीड ८० असेल तर विहीर ऐंशी फुटांची होते, कारण स्पीड दीडपट-दुप्पट झाला की दणका त्याहून कितीतरी जास्त वाढतो. १० किलोचं लेकरू ५० च्या स्पीडवरून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबवायचं तर जवळपास दीड क्विंटल ओढ सांभाळावी लागते. दीड क्विंटल, तेही बेसावध असताना, झोपेत असताना. आईचे हात कितीही घट्ट असू द्या, ते लेकरू हातात राहत नाही. आणि आईनं स्वतः पट्टा लावला नसेल तर आईचं सगळं वजन लेकरावर येतं.

काही जण म्हणतात मी माझाच पट्टा लेकरावरून घेतो, दोघंही एका पट्ट्यात. हे तर करूच नका. अपघातात मोठं माणूस मागून दाबतं आणि पुढून पट्टा, मधल्या लेकराच्या छाती-पोटाला जागाच उरत नाही. कांगारूसारखी पोटाला बांधायची बॅग घालून कारमध्ये बसणं पण त्यातलंच, ती बॅग बाजारात चालायला ठीक आहे, अपघाताच्या ओढीसाठी ती शिवलेलीच नसते.

मागं बसलं की काही होत नाही हा पण एक गैरसमज. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, महागडी गाडी होती, पण मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं आणि ते दोघेही गेले, पुढचे दोघे वाचले. आता आपल्याकडे वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाण्यातून समृद्धी गेली, तिथं कारला ताशी १२० पर्यंत परवानगी आहे, गावातली गाडी तासाभरात त्या रस्त्यावर असते आणि लेकरू मागच्या सीटवर उभं राहून काचेतून बघत असतं, हे बघितलं की खरंच पोटात गोळा येतो.

आता सीट. बॉक्सवर वय लिहिलेलं असतं, ते बाजूला ठेवा आणि वजन बघा. वजन कुठं बघायचं हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही, अंगणवाडीत दर महिन्याला वजन-उंची होते, ताईंना विचारा, नाहीतर माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलेलं सापडेल. हे मी मुद्दाम सांगतो, कारण डब्ल्यूएचओच्या तक्त्यात ४ वर्षांच्या लेकराचं मधलं वजन १६ किलोच्या थोडं वर आहे, आणि आपल्या गावात कितीतरी लेकरं ४ वर्षांची होऊनही १२-१३ किलोचीच असतात. बॉक्सवर "४ वर्षांपासून" लिहिलंय म्हणून १३ किलोच्या पोरीला १५ किलोपासूनच्या सीटवर बसवलं तर ती सीट तिच्यासाठी नाहीच.

सगळ्यात लहान लेकरू, म्हणजे जन्मापासून दीडेक वर्षांपर्यंत, त्यासाठी हँडलवाली पाळण्यासारखी सीट मिळते, तिला इन्फंट कॅरियर म्हणतात, बहुतेक १३ किलोपर्यंत चालतात. भाड्याच्या गाडीत फिरणाऱ्या घराला माझ्या मते हीच सगळ्यात सोयीची, कारण ती मुळातच उचलायला बनवलेली आहे, वजन तीन-चार किलो, गाडीच्या पट्ट्यानं बांधली जाते, आणि गाडी थांबली की लेकरासकट बाहेर काढता येते. ती उलटी बसते, म्हणजे लेकराचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. हे बघून घरचे हमखास म्हणतील की लेकराले समोरचं दिसत नाही, तोंड इकडं करा. करू नका. नव्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या पाव भागाएवढं असतं आणि मान अजून कच्ची, समोर तोंड करून बसवलं आणि गाडी आदळली तर धड पट्ट्यात अडकतं आणि जड डोकं एकटं पुढं फेकलं जातं, सगळा ताण मानेवर. उलटं बसवलं तर डोकं, मान, पाठ तिन्ही एकदम सीटच्या पाठीत दाबली जातात आणि दणका सगळ्या पाठीवर वाटला जातो. युरोपच्या नव्या नियमात किमान १५ महिन्यांपर्यंत उलटं बसवणं सक्तीचं आहे, अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ म्हणतात सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत उलटंच ठेवा, आणि स्वीडनमध्ये लोक ४ वर्षांपर्यंत ठेवतात. पाय दुमडतात म्हणून घाबरू नका, लेकरं मांडी घालून मजेत बसतात.

आणि ही उलटी सीट पुढं ड्रायव्हरच्या बाजूला कधीच ठेवायची नाही. समोर एअरबॅग असते, ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि सरळ सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागं आदळते. मागची सीट, बस.

बाळ त्यात झोपलं की हनुवटी छातीला टेकत नाही ना हे बघत राहायचं, कारण तान्ह्या बाळाची श्वासाची नळी वाकली की श्वास अडतो. सीटवर एक रेघ किंवा बाण असतो तो जमिनीला समांतर यायला पाहिजे, आपल्या गाड्यांची मागची सीट उतरती असते म्हणून बऱ्याचदा खाली गुंडाळलेला टॉवेल द्यावा लागतो, पण सीटच्या पुस्तकात तशी परवानगी असेल तरच. दर दोन तासांनी थांबा, बाळाला काढा, दूध पाजा. गाडी चालू असताना पाजायला बाहेर काढायचं नाही, पाच-दहा मिनिटं गाडी बाजूला घेतली तर लग्न चुकत नाही. अगदी नवजात असेल तर अर्ध्या-अर्ध्या तासानं बघितलेलं बरं.

१३ किलोच्या पुढं, किंवा डोक्याचा वरचा भाग त्या कॅरियरच्या काठाला आला की, पाच पट्ट्यांची सीट लागते, दोन खांद्यावर, दोन कमरेला, एक दोन पायांच्या मधून. १८ किलोपर्यंत चालणाऱ्या कन्व्हर्टिबल सीट म्हणतात त्या उलट्या आणि सुलट्या दोन्ही बसतात. इथं पोर्टेबलवाल्यांची अडचण होते, कारण या सीट पाच ते आठ किलोच्या असतात आणि बसच्या टपावर टाकून नेण्यासारख्या नसतात. घडी होणाऱ्या हलक्या सीट परदेशात मिळतात, पण महाग पडतात. माझं मत असं की या वयात घडीच्या मागं लागू नका, पट्ट्यानं बसणारी साधी हलकी कन्व्हर्टिबल घ्या. आयसोफिक्सवाली महागडी सीट पण विचार करून घ्या. आयसोफिक्स म्हणजे गाडीच्या मागच्या सीटच्या फटीत दोन लोखंडी दांड्या असतात आणि सीट त्यात खटकन बसते, चूक व्हायची शक्यता कमी, व्यवस्था एकदम चांगली, पण ती सीट जड असते आणि गावात ठरवलेल्या जुन्या गाडीत त्या दांड्याच नसतात. घ्यायचीच तर पट्ट्यानंही बसते अशी घ्या.

त्याच्या पुढचा टप्पा बूस्टर. बूस्टर लेकराला उंच करतो, म्हणजे मोठ्यांसाठी बनवलेला गाडीचा पट्टा लेकराच्या अंगावर नीट बसतो, बाकी त्याला स्वतःचे पट्टे नसतात. हा सगळ्यात हलका, काही घडी होतात, काहींत हवा भरता येते, पिशवीत मावतात, आणि म्हणूनच लोक तो फार लवकर घेतात. १५ किलोच्या आधी नाही, आणि लेकरू पट्ट्यात शांत बसायला शिकलं नसेल तर १५ च्या नंतर पण नाही. पाठवाला बूस्टर आधी, नुसत्या बैठकीचा नंतर. युरोपमध्ये २०१७ पासून नव्यानं पास होणारे बिनपाठीचे बूस्टर १२५ सेंटीमीटर उंचीच्या वरच्याच लेकरांसाठी पास होतात, कारण पाठ नसली की बाजूच्या दणक्यात डोक्याला आधार नसतो आणि झोपेत लेकरू कलंडून पट्ट्यातून बाहेर जातं.

पट्टा नीट बसणं म्हणजे काय हे जरा थांबून समजून घ्या, कारण लेकरू १०-११ वर्षांचं होईपर्यंत हेच कामाला येणार आहे. खालचा पट्टा पोटावर नको, मांड्यांना टेकून कमरेच्या हाडावर पाहिजे. लहान लेकराचं कमरेचं हाड अजून पुरतं घडलेलं नसतं, पट्टा त्यावरून घसरून पोटावर चढतो आणि दणक्यात आतडी आणि पाठीचा मणका दोन्ही जखमी होतात, बाहेरून नुसता लाल वळ दिसतो आणि आत मोठं नुकसान झालेलं असतं. वरचा पट्टा मानेला घासायला नको, खांद्याच्या मधोमध पाहिजे. मानेला लागते म्हणून लेकरं तो पट्टा काखेखालून किंवा पाठीमागं घेतात, तेव्हा वरचं अंग मोकळंच राहतं. पाठ टेकवून बसल्यावर गुडघे सीटच्या कडेला वाकतात, पाय खाली टेकतात, आणि पूर्ण प्रवासभर तसंच बसता येतं, असं झालं की बूस्टर सोडा. साधारण १४५ सेंटीमीटर, म्हणजे ४ फूट ९ इंचाच्या आसपास हे जमतं.

आता काय घेऊ नये. कापडाची गादी, त्याला चार नायलॉनचे पट्टे, मागच्या बाजूनं गाडीच्या सीटला किंवा डोक्याच्या उशीला बांधायचे, आणि नाव "पोर्टेबल बेबी कार सीट". किंमत कमी, फोटोत गोरं गुटगुटीत बाळ. ब्रिटनमध्ये या कापडी सीटांबद्दल सरकारी यंत्रणांनी पुन्हा पुन्हा इशारे दिले, माल जप्त केला. त्याला ना कडक पाठ ना बाजूचा आधार, आणि बांधलेला पट्टा अपघातात सुटतो किंवा फाटतो. त्रिकोणी कापडी क्लिप मिळते, मोठ्यांचा पट्टा लेकराच्या मानेपासून खाली ओढायची, ती पट्टा खाली ओढताना कमरेचा भाग वर पोटावर ओढते, म्हणजे वर सांगितलं नेमकं तेच. आणि मोटारसायकलवर लेकराला चालवणाऱ्याशी बांधायचा हार्नेस कारमध्ये वापरू नका, त्याचं काम वेगळं आहे. विमानात लावायचा एक पट्टा पण येतो, तो विमानापुरताच.

खरी सीट ओळखायची तर साईटवरचं वर्णन वाचून नाही, सीटच्या अंगावर चिकटवलेलं लेबल बघून. भारतात लेकरांच्या सीटचं मानक आहे एआयएस-०७२. युरोपच्या नियमानं पास झालेल्या सीटवर नारंगी लेबल असतं, त्यावर गोलात इंग्रजी ई आणि एक आकडा, आणि आर ४४ किंवा आर १२९ असा नियमाचा नंबर. आर ४४ मध्ये वजनाचे गट आहेत, आर १२९ नवा, तो उंचीवर चालतो आणि त्यात बाजूच्या धडकेची पण चाचणी आहे. दुकानदाराला किंवा विकणाऱ्याला लेबलचा फोटो मागा. नुसतं "युरोपियन सेफ्टी स्टँडर्ड" असं उत्तर आलं आणि फोटो आला नाही तर सोडून द्या.

गाडीला पाच स्टार आहेत म्हणून लेकराला सीट लागत नाही, असं पण ऐकू येतं. भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांना धडक देऊन स्टार द्यायची आपल्याकडची चाचणी, २०२३ मध्ये सुरू झाली, त्यात दीड वर्षाच्या आणि ३ वर्षांच्या लेकराएवढे पुतळे गाडीत बसवून धडक देतात, आणि ते पुतळे लेकरांच्या सीटमध्येच बसवलेले असतात. म्हणजे ते स्टार सीट लावलेल्या लेकरासाठीच आहेत.

गाडी ठरवताना फोनवरच विचारा, भाऊ मागं पट्टे चालू आहेत का. अर्ध्या गाड्यांत सीट कव्हर शिवताना बकल खाली दाबून टाकलेली असतात, पट्टा दिसतो पण अडकवायला जागा नाही, ड्रायव्हरला आधी सांगितलं तर तो काढून ठेवतो, ऐन निघायच्या वेळी सांगितलं तर वैतागतो. कुठं पट्ट्याचा बीप बंद करायला बकलमध्ये नुसती क्लिप खुपसलेली असते, ती काढून ठेवा, त्या क्लिप ऑनलाईन विकायला २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मनाई केली होती. जुन्या गाडीत मागच्या मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा असतो, तिथं बूस्टर चालत नाही, खिडकीजवळची जागा घ्या. आणि बोलेरो, ट्रॅक्सच्या मागं समोरासमोर आडव्या बाकड्या असतात तिथं कोणतीच सीट बसत नाही, लेकरू असेल तर मधली रांग मागून घ्या. काळी-पिवळीत आणि एसटीत सीट लावायचा प्रश्नच येत नाही, पट्टाच नाही.

काही छोट्या गाड्यांचा मागचा पट्टा इन्फंट कॅरियरला वळसा घालायला पुरत नाही, म्हणून सीट आली की परत करायची मुदत आहे तोपर्यंतच दोन-तीन ओळखीच्या गाड्यांत लावून बघा. बसवताना सीटवर गुडघ्यानं दाब द्या आणि पट्टा ओढा, मग पट्टा जिथून जातो तिथं सीटला धरून हलवा, इंचभरापेक्षा जास्त हलली तर परत आवळा. आतले पट्टे खांद्यावर चिमटीत धरून बघा, चिमटीत घडी आली तर ढिले आहेत. डिसेंबरच्या थंडीत पहाटे निघताना जाड जॅकेट घालून पट्टा लावू नका, दणक्यात जॅकेट दबतं आणि पट्टा ढिला पडतो, आधी पट्टा मग वरून शाल.

उन्हाळ्याचं आपल्याला वेगळं सांगायला नको, ४५-४६ डिग्रीत उभ्या गाडीतलं बकल लेकराच्या मांडीला पोळतं. निघेपर्यंत सीटवर ओला नाही, कोरडा पांढरा दुपट्टा टाका, बसवायच्या आधी बकलला स्वतःचा हात लावा. सीटमध्ये झोपलं म्हणून दोन मिनिटांसाठी सुद्धा बंद गाडीत ठेवायचं नाही, दहा मिनिटांत आतलं तापमान १० डिग्रीच्या आसपास चढतं.

कायद्याचं थोडक्यात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४-बी आहे, १४ वर्षांखालचं लेकरू पट्ट्याशिवाय किंवा सीटशिवाय नेलं तर १,००० रुपये दंड. दुचाकीवर ४ वर्षांखालच्या लेकराला हार्नेस, ९ महिने ते ४ वर्षांच्या लेकराला हेल्मेट आणि ताशी ४० ची मर्यादा, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे, टाकीवर लेकरू बसवून तालुक्याला जाणाऱ्यांनी तो हार्नेस खरंच घ्यावा.

पैशाचं म्हणाल तर एका घराला सीट जड वाटते हे खरं आहे, वर्षातून चार वेळा गाडीत बसायचं आणि लेकरू दीड वर्षात त्यातून बाहेर. म्हणून मला वाटतं भावकीत मिळून एक घ्यावी, ज्याच्याकडे तान्हं लेकरू त्याच्याकडे सीट. फक्त तिचं पुस्तक सोबत फिरलं पाहिजे आणि खाली छापलेली मुदत बघितली पाहिजे, साधारण ६ ते १० वर्षं असते, प्लास्टिक आपल्या उन्हात कडक होऊन तडकतं. अनोळखी माणसाकडून जुनी घेऊ नका, ती अपघातातून गेलेली आहे का हे बाहेरून कळत नाही, आणि एका अपघातात ताणलेली सीट परत वापरायची नसते. कव्हर धुवा, पट्टे मात्र साबणात भिजवू नका, ब्लीच तर नकोच, धागा कमजोर होतो, ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवा, आणि ठेवताना उंदरांपासून उंच टांगून ठेवा, कोठीत ठेवली तर ते आधी पट्टेच कुरतडतात.